झालान्यातील वेडी बाभूळ

जयपूर शहराच्या वस्तीला अगदी खेटून अरवलीच्या टेकड्यांत झालान्याचे रान पसरले आहे. संस्थानी अमदानीत ते राजेलोकांच्या शिकारीसाठी राखलेले होते. आज ते बिबट्यांमुळे प्रसिद्ध आहे. २०१७ साली राजस्थान सरकारने बिबट्यांच्या संवर्धनाचा प्रकल्प येथे हाती घेतला. पण या रानात अत्यंत चिकाटीचे काम करावे लागते ते एका झाडापायी.

हे झाड म्हणजे विलायती बाभूळ. महाराष्ट्रात तिला वेडी बाभूळ म्हणतात. गुजरातेतही तिचे नाव ‘गांडो बावळ’, म्हणजे वेडीच! मूळची ती अमेरिका खंडातली. १८७७ च्या सुमारास तिचे बी हिंदुस्थानात आले. उजाड मुलूख हिरवा व्हावा, गोरगरिबांस सरपण मिळावे, हा हेतू चांगलाच होता. १९४० साली जोधपूर दरबाराने तिला राजवृक्षाचा मान दिला. हेतू सफळ झाला; परंतु झाड मात्र आवरेना.

तिच्या शेंगा गोड असतात. गुरे, शेळ्या व नीलगाई त्या आवडीने खातात. कठीण कवचाचे बी पचत नाही, ते शेणालेंड्यांबरोबर रानभर पडून रुजते. तिच्या काटेरी जाळीखाली गवत वाढत नाही. गवत गेले की चितळ, ससे यांचा चारा गेला. आणि रानात भक्ष्य उरले नाही, तर बिबट्या वस्तीतल्या कुत्र्यांकडे आणि शेळ्यांकडे वळणारच. झालान्यासारख्या शहरालगतच्या रानात एका झुडपाचा प्रश्न असा माणसाच्या दारापर्यंत येऊन पोहोचतो.

नुसती कुऱ्हाड चालवून हे झाड मरत नाही. खोडाचा जो भाग जमिनीच्या किंचित खाली असतो, तेथे सुप्त डोळे असतात. वर तोडले की तेथून एकाऐवजी अनेक फांद्या फुटतात. म्हणून कोरड्या दिवसांत झाड तोडल्यावर कुदळ आणि पहार घेऊन तो गड्डाच उपटावा लागतो. खडकाळ जागी हे काम फारच कठीण. २००६ साली जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी राव जोधा उद्यानाचे काम सुरू झाले, तेव्हा पिढीजात दगडफोड्या खंडवालियांनी छिन्नी-हातोड्याने खडक फोडून ही मुळे काढली.

पाऊस पडला की दुसरे काम सुरू होते. मोकळ्या झालेल्या जागी धोक, शमी, सालई अशी अरवलीची स्वतःची झाडे आणि गवताचे बी लावावयाचे. कारण रिकामी जमीन बाभूळच पुन्हा बळकावते. पावसाळा सरला की तिसरे काम: मातीत दडून राहिलेल्या बियांची कोवळी रोपे, माती ओली आहे तोवर हातानेच उपटावयाची. हे चक्र एका वर्षात संपत नाही.

शिवाय याच बाभळीच्या सरपणावर कित्येक घरांच्या चुली पेटतात. तेव्हा ती काढावयाची तर त्या घरांचाही विचार करावयास हवा, आणि टप्प्याटप्प्यानेच काढावयास हवी. झालान्यात वनखात्याने बाभूळ हटवून देशी झाडे व गवत लावले, तेथे तृणभक्षी प्राण्यांना पुन्हा चरावयास जागा मिळाली. झाड लावणे हे पुण्य खरेच. परंतु कोणत्या भूमीत कोणते झाड लावावे, हे जाणणे हा त्या पुण्याचाच अर्धा भाग आहे.