गोळी तीच, गुण निराळा

व्यक्ती तितक्या प्रकृती, ही म्हण आपण माणसांच्या स्वभावाबद्दल बोलताना वापरतो. पण ती औषधांनाही तंतोतंत लागू पडते. हे मला पुस्तकाने जितके शिकवले, त्याहून अधिक माझ्या एका रुग्णाच्या सुनेने शिकवले.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. चौसष्ट वर्षांच्या एका मावशींना अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. उजवा हात लुळा पडला, बोबडी वळली. शहरात सी.टी. स्कॅन झाले. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. उपचार होऊन त्या घरी आल्या आणि 'रक्त पातळ करणारी' क्लोपिडोग्रेलची रोज एक गोळी सुरू झाली. पुढची देखभाल माझ्याकडे होती. सात महिन्यांनी दुसरा झटका आला आणि या वेळी उजवा पायही गेला. मी घरी गेलो, मुलाला बाजूला घेतले आणि म्हणालो, "गोळ्या चुकल्या असणार." गोळ्या देण्याचे काम सुनेकडे होते. त्या घरात पुढे काय झाले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

आठ दिवसांनी ती मुलगी दवाखान्यात आली आणि बिस्किटांचा एक डबा तिने माझ्या टेबलावर उपडा केला. सात महिन्यांची सगळी रिकामी पाकिटे तिने जपून ठेवली होती. मी मोजली. एकही गोळी चुकलेली नव्हती.

रक्त खरोखर पातळ होते का?

आधी एक गैरसमज दूर करू. या औषधांनी रक्त पाण्यासारखे पातळ होत नाही. रक्ताची गुठळी होण्याची क्रिया तेवढी मंदावते. ही औषधे मुख्यतः दोन प्रकारची असतात. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल रक्तातील बिंबिकांना एकमेकींना चिकटू देत नाहीत. वॉरफेरिन आणि आपल्याकडे अधिक वापरले जाणारे असिनोकुमॅरॉल ही 'के' जीवनसत्त्वावर चालणारी गोठण्याची क्रिया रोखतात. हृदयाचे ठोके अनियमित असतील, किंवा झडप खराब वा कृत्रिम असेल, तर हृदयात गुठळी होऊन मेंदूकडे जाण्याची भीती असते. तेथे हा दुसरा प्रकार लागतो. मेंदूत रक्तस्राव होऊन झटका आला असेल तर मात्र हीच औषधे घातक ठरू शकतात. म्हणून स्कॅन झाल्याशिवाय ती सुरू करीत नाहीत.

गिरणी बंद, तर पीठ कुठून?

क्लोपिडोग्रेलची गोळी आपण गिळतो तेव्हा ती निष्क्रिय असते. यकृतातील विकरे तिला कामाचे रूप देतात, जसे ज्वारी दळल्याशिवाय भाकरी होत नाही. त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचे विकर म्हणजे सीवायपी२सी१९. ते तयार करण्याची आज्ञा आपल्या जनुकात असते. जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. एक प्रत सदोष असेल तर दोनपैकी एक गिरणी बंद. दोन्ही सदोष असतील तर दळण जवळजवळ ठप्प. गोळी पोटात जाते, पैसे खर्च होतात, पण संरक्षण अपुरे राहते. आपल्या भारतीय उपखंडातील लोकांत अशी सदोष प्रत युरोपीय लोकांपेक्षा जास्त आढळते.

मावशींच्या मुलाने त्यांना पुण्याला मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवले. तेथे रक्ताची जनुकीय तपासणी झाली. एक प्रत सदोष निघाली. शिवाय तज्ज्ञांनी माझ्या चिठ्ठीवरील आणखी एका गोळीवर बोट ठेवले. आम्लपित्तासाठी मीच ओमेप्रॅझोल लिहून दिले होते. ते याच विकराला अडवते. म्हणजे एक गिरणी बंद आणि उरलेल्या गिरणीत दुसऱ्याचेच दळण! दुसरा झटका यामुळेच आला असे छातीठोक सांगता येणार नाही. योग्य औषध घेऊनही काहींना झटका येतो. पण दोष सुनेचा नव्हता, हे निश्चित.

२०२१ साली चीनमधील सहा हजारांहून अधिक रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सौम्य किंवा तात्पुरता झटका आलेल्या आणि सदोष प्रत असलेल्या रुग्णांना ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर दिले गेले. तीन महिन्यांत क्लोपिडोग्रेल गटात ७.६ टक्के, तर टिकाग्रेलॉर गटात ६ टक्के रुग्णांना पुन्हा झटका आला. गंभीर रक्तस्राव दोन्हीकडे सारखाच होता, किरकोळ रक्तस्राव मात्र टिकाग्रेलॉरने वाढला. ब्रिटनमध्ये २०२४ साली अशा रुग्णांना क्लोपिडोग्रेल देण्यापूर्वी ही जनुकीय तपासणी करावी, अशी शिफारस झाली.

वॉरफेरिनची उलटी तऱ्हा

वॉरफेरिनची कथा मोठी गमतीची आहे. १९२० च्या दशकात कॅनडा व उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेला गोड क्लोव्हरचा चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. त्या चाऱ्यातील द्रव्याच्या शोधातून पुढे वॉरफेरिन तयार झाले. १९४८ मध्ये ते उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झाले. विष आणि औषध यांत फरक फक्त मात्रेचा!

आणि ही मात्राच माणसागणिक बदलते. कोणाला रोज १ मिलिग्रॅम पुरते, तर कोणाला १० लागते. येथे सीवायपी२सी९ हे विकर औषधाचा निचरा करते. ते मंद असेल तर औषध साठत जाते आणि हिरड्यांतून, लघवीतून, प्रसंगी मेंदूतही रक्तस्राव होतो. व्हीकेओआरसी१ हे दुसरे जनुक औषध जेथे काम करते त्या जागेची संवेदनशीलता ठरवते. ते २००४ मध्ये सापडले.

मग सर्वांनी ही जनुके तपासावीत का? २०१३ मध्ये दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. युरोपातील अभ्यासात फायदा दिसला, अमेरिकेतील अभ्यासात दिसला नाही. म्हणून या औषधांसाठी खरा आधार आजही आय.एन.आर. ही साधी रक्त तपासणीच आहे. बहुतेक रुग्णांत हा आकडा २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. जनुकीय तपासणी सुरुवातीची मात्रा ठरवायला मदत करते, पण आय.एन.आर. तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

"आता नव्या गोळ्या आल्या आहेत, त्यांना तपासणी लागत नाही," असे काही रुग्ण म्हणतात. अनेकांसाठी त्या उत्तम आहेत. पण संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेल्यांना आणि कृत्रिम धातूची झडप बसवलेल्यांना जुनीच औषधे योग्य ठरतात. आपल्या भागात असे रुग्ण कमी नाहीत.

रुग्णांनी काय करावे?

१) गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. दात काढायचा असला तरी आधी डॉक्टरांना विचारावे.

२) क्लोपिडोग्रेल घेताना पुन्हा झटका आला, तर जनुकीय तपासणीचा उपयोग होईल का, हे तज्ज्ञांना विचारावे. अहवाल आयुष्यभर जपावा, जनुके बदलत नाहीत.

३) वॉरफेरिन किंवा असिनोकुमॅरॉल घेणाऱ्यांनी आय.एन.आर. ठरल्या दिवशी करावी. पालक, मेथी बंद करू नये, पण खाण्याचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे.

४) अंगदुखीच्या गोळ्या, काही प्रतिजैविके आणि आम्लपित्ताची औषधे दुकानातून परस्पर घेऊ नयेत. घेत असलेली सर्व औषधे दर वेळी डॉक्टरांना दाखवावीत.

५) काळी शौच, लाल लघवी, हिरड्यांतून रक्त, अचानक तीव्र डोकेदुखी झाल्यास लगेच डॉक्टर गाठावा. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे दिसताच वेळ न दवडता मोठ्या रुग्णालयात न्यावे.

मावशींचे औषध बदलले. त्या आता काठी घेऊन अंगणात फिरतात. त्या मुलीला मी दवाखान्यात बोलावून घेतले आणि तिच्या नवऱ्यासमोर सांगितले, "चूक तुझी नव्हती. मी न विचारता बोललो." ती काही बोलली नाही. फक्त डबा परत मागून घेतला. त्यात ती आता नव्या गोळ्यांची पाकिटे ठेवते.