खेळण्यांचं दुकान स्वयंपाकघरातच आहे

‘‘मॅडम, तो खेळण्यांचा डबा केवढ्याला मिळतो?’’

सोमवारची ओपीडी, दुपारचे साडेबारा वाजलेले, बाहेर अजून तीसेक जण रांगेत. समोरची आई जेमतेम पंचविशीची, दोन-तीन घरी धुणीभांडी करणारी. मांडीवर वीस महिन्यांची मुलगी. आली होती सर्दी-खोकल्यासाठी. औषधाची चिठ्ठी हातात घेऊन उठता उठता तिने हा प्रश्न विचारला.

ती काम करते त्या एका घरी बाळासाठी ऑनलाइन ‘सेन्सरी किट’ आलं होतं. त्यात रंगीत वाळू, लाकडी ठोकळे, मऊ-खरखरीत कापडाचे तुकडे असं बरंच काही होतं. किंमत तिच्या महिन्याच्या पगारात न बसणारी. ‘‘आमच्या पोरीला यातलं काहीच नाही. म्हणून ती अजून बोलत नाही का?’’ हे विचारताना तिचा आवाज खाली गेला.

मुलीच्या हातात मोबाइल होता आणि त्यावर कार्टूनचं गाणं सुरू होतं. मी तो बाजूला ठेवायला सांगितला, तशी तिने भोकाड पसरलं. टेबलावर औषधाच्या बाटल्यांचा रिकामा खोका पडला होता. तो मी तिच्यापुढे सरकवला आणि आईच्या पिशवीतला स्टीलचा पेला मागून घेतला. रडणं हळूहळू थांबलं. तिने पेला खोक्यात टाकला, बाहेर काढला, पुन्हा टाकला. मग टेबलावर आपटून पाहिला. आवाज आला तशी आईकडे बघून हसली. मोबाइल आईच्या मांडीवर गातच होता, पण त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

‘‘अगं, ते किट तुझ्या घरात आधीच आहे,’’ मी तिला म्हटलं. त्या दिवशी रांग मोठी होती, म्हणून सगळं नीट सांगता आलं नाही. ते आज लिहिते आहे.

आधी स्पर्श, मग शब्द

बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या मेंदूत पेशी भरपूर असतात, पण त्यांची एकमेकींशी जोडणी बरीचशी व्हायची असते. पहिल्या काही वर्षांत दर सेकंदाला दहा लाखांहून अधिक नव्या जोडण्या होतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. ज्या वापरात येतात त्या पक्क्या होतात, ज्या येत नाहीत त्या गळून पडतात. वापर म्हणजे काय? तर पाहणं, ऐकणं, हात लावणं, वास घेणं, चव घेणं. शिवाय शरीराचा तोल आणि स्नायू-सांध्यांतून येणारी जाणीव. मूल झोक्यावर बसतं किंवा भरलेला पेला न सांडता आजोबांकडे नेतं, तेव्हा या दोन जाणिवा घडत असतात.

वाटी दहा वेळा खाली टाकणारं मूल आपल्याला खोडकर वाटतं. खरं तर ते पडताळून पाहत असतं: दर वेळी वाटी खालीच पडते का, दर वेळी वाजते का, आई दर वेळी उचलून देते का. मोबाइलवर सफरचंद दिसतं, पण त्याला वजन नसतं, वास नसतो, थंडगार सालीचा स्पर्श नसतो. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन अजिबात नको (दूरच्या नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडीओ कॉल चालेल) आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असं सांगितलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची 2019 ची सूचनाही जवळपास हीच आहे.

जमैकातली बाई आणि घरची खेळणी

‘घरच्या वस्तूंनी खेळून खरंच फरक पडतो का?’ असं कोणी विचारलं की मी जमैकाचं उदाहरण देते. 1986-87 मध्ये तिथल्या किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांतली 129 मुलं एका अभ्यासासाठी निवडली गेली. वय नऊ महिने ते दोन वर्षं, सगळी कुपोषणामुळे उंचीने खुंटलेली. डॉ. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे गट केले. काहींना पूरक आहार दिला. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा, तासभर, आरोग्यसेविका जायची. आपल्या आशाताईंसारखीच समजा. ती घरगुती, टाकाऊ वस्तूंपासून बनवलेली खेळणी न्यायची आणि मुलाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं हे आईला दाखवायची. काहींना आहार आणि खेळ दोन्ही मिळालं, तर काहींना दोन्ही नाही. हे दोन वर्षं चाललं.

वीस वर्षांनी ही मुलं पुन्हा शोधली. ज्यांच्या घरी खेळ शिकवणारी बाई गेली होती, त्यांची कमाई तशी बाई न गेलेल्यांपेक्षा सरासरी 25 टक्क्यांनी जास्त निघाली. नुसत्या पूरक आहाराचा असा दीर्घकाळ टिकणारा फायदा दिसला नाही. याचा अर्थ आहार दुय्यम असा मुळीच नाही. अर्थ एवढाच, की पोट भरणं आणि मेंदूला खुराक मिळणं या दोन्ही गोष्टी लागतात आणि दुसरीसाठी पैसे फारसे लागत नाहीत.

आपल्याकडे हे कोणी केलंच नव्हतं असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी, खडे, पानं, बिया, माती अशा आसपासच्या वस्तूंतून शिक्षणाची साधनं उभी केली. महागड्या परदेशी साधनांची वाट त्यांनी पाहिली नाही.

जमैकाच्या अभ्यासात खेळण्याइतकंच महत्त्व होतं ते खेळवणाऱ्या माणसाला. नुसती परडी भरून मुलापुढे ठेवली आणि आपण टीव्हीकडे तोंड केलं, तर अर्धं काम राहिलं. हात मुलाचे चालू द्यावेत, शब्द आपण द्यावेत: ‘गार आहे नं?’, ‘सांडलं! आता पुसू या’, ‘वाटीत वाटी गेली.’ ‘हे काय? ते कुठलं?’ अशी तोंडी परीक्षा मात्र नको.

कोणत्या वयाला काय?

जन्म ते सहा महिने: सुरुवातीला बाळाला सर्वांत स्पष्ट दिसतं ते वीत-दीड वीत अंतरावरचं, म्हणजे दूध पाजताना आईचा चेहरा असतो तितक्यावरचं. तेच पहिलं खेळणं. हलक्या हाताने मालिश करताना ‘हा हात, हे पाऊल’ म्हणत जा. कानात-नाकात तेल मात्र घालू नका. सुती पदर, टॉवेल, रेशमी काठ असे वेगवेगळे स्पर्श तळव्याला होऊ द्या. जागं असताना, आपल्या नजरेसमोर, थोडा वेळ पालथं ठेवा.

सहा महिने ते एक वर्ष: एका परडीत पाच-सहा वस्तू ठेवा: स्टीलची वाटी, लाकडी डाव, मोठं झाकण, घासून गुळगुळीत केलेली करवंटी, जाड कापडाचा तुकडा. सगळं तोंडात जाणारच, कारण या वयात तोंडानेच जग कळतं. म्हणून वस्तू धुतलेल्या आणि बिनटोकाच्या हव्यात. पदराआड तोंड लपवून ‘कुऽक’ करण्याला काहीच खर्च नाही. त्यातून मूल शिकतं की दिसेनाशी झालेली आई नाहीशी झालेली नसते.

एक ते तीन वर्षं: पोळ्या करताना कणकेचा छोटा गोळा द्या. दाबू दे, ओढू दे, बोटाने भोकं पाडू दे. परातीत दोन बोटं पाणी, एक पेला आणि चहाची गाळणी दिली की मूल अर्धा तास रमतं. एकात एक बसणारे डबे आणि त्यांची झाकणं जुळवायला द्या. कोथिंबीर निवडायला शेजारी बसवा. अर्धी वाया जाईल, पण वास आणि चिमटीची पकड दोन्ही मिळेल. वाळलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावणं हाही खेळच.

तीन ते सहा वर्षं: कापडी पिशवीत लिंबू, कांदा, चमचा, किल्ली घालून न बघता ओळखायला सांगा. आलं, वेलची, लिंबाची साल वाट्यांत झाकून ठेवा आणि वासावरून नाव सांगू द्या. मिरी-मिरची नको. भेंडीचा देठाकडचा भाग कापून बिटाच्या पाण्यात बुडवला की फुलांचे ठसे उमटतात. मातीत खेळू द्या, नंतर साबणाने हात धुवा आणि अंगणवाडीत मिळणारी जंताची गोळी चुकवू नका.

काही मुलांना चिकट कणीक किंवा ओली माती नकोशी वाटते. बळजबरी करू नका. चमच्याने हलवू दे, नुसतं बघू दे. सवय झाली की बहुतेक जण स्वतःच बोट पुढे करतात.

‘वेळ कुठे आहे, मॅडम?’ हे मला रोज ऐकावं लागतं आणि ते खोटं नसतं. म्हणूनच वरचे बहुतेक खेळ आपल्या कामातूनच काढलेले आहेत. वेगळा तास काढायची गरज नाही. आणि ही जबाबदारी एकट्या आईची नाही. मोजे बाबांनाही जुळवता येतात, पिशवीचा खेळ आजीलाही खेळवता येतो.

हरभऱ्याची परात

आता एक सावधगिरीची गोष्ट. काही वर्षांपूर्वी दीड वर्षाचा एक मुलगा आमच्याकडे आला. घर सुस्थितीतलं, आई हौशी. तिने व्हिडीओ पाहून परातीत हरभरे पसरून त्याला खेळायला बसवलं होतं. क्षणभर ती फोन घ्यायला उठली. मुलाने मूठभर हरभरे तोंडात कोंबले आणि त्याला जोरात ठसका लागला. थोड्या वेळाने खोकला थांबला, गिळला असेल असं सगळ्यांना वाटलं. पाच दिवस खोकल्याचं औषध झालं आणि मग धाप लागली. हरभरा श्वासनलिकेत अडकून फुगला होता. असे दाणे एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाहीत. भूल देऊन, दुर्बिणीने तो काढावा लागला. मूल वाचलं. व्हिडीओत वयाचा उल्लेखही नव्हता, त्यामुळे त्या आईला दोष देणं माझ्या जिवावर येतं.

म्हणून हे पक्कं लक्षात ठेवा. मुलाने मूठ मिटली की जी वस्तू आत पूर्ण दडते, ती तीन वर्षांखालच्या मुलाला खेळायला द्यायची नाही. शेंगदाणे, हरभरे, राजमा, मणी, बटणं, गोट्या सगळं यात आलं. पाण्यात फुगणारे रंगीत मणी घरातच आणू नका. ते पोटात जाऊनही फुगतात आणि आतडं अडवू शकतात. रिमोटमधला गोल चपटा सेल मुलाने गिळला, तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते, तेव्हा थेट रुग्णालय गाठा. बादलीतल्या वीतभर पाण्यातही मूल बुडू शकतं, म्हणून खेळ संपला की पाणी लगेच ओता. भरपूर मीठ घातलेली खेळायची कणीक लहान मुलाला नको, पोटात गेली तर त्रास होतो. साधी पोळीची कणीकच बरी, तीही कच्ची खाऊ देऊ नका. आणि शेगडीजवळ, उकळत्या चहाजवळ कोणताच खेळ नको.

खेळून भागत नाही तेव्हा

खेळ हा उपचार नव्हे. मूल नऊ महिन्यांचं होऊनही आधाराशिवाय बसत नसेल, वर्षाचं होऊनही नावाने हाक मारल्यावर वळून बघत नसेल, दीड वर्षाला बोटाने काही दाखवत नसेल, दोन वर्षांला ‘दूध दे’ असे दोन शब्द जोडत नसेल किंवा आधी येणारी गोष्ट करेनासं झालं असेल, तर ‘याचा बापही उशिरा बोलायला लागला होता’ म्हणत थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत येतात. अनेक जिल्हा रुग्णालयांत अशा मुलांसाठी वेगळं केंद्र आहे आणि तपासणी मोफत असते.

इथे आम्हा डॉक्टरांचीही चूक कबूल करायला हवी. आम्ही वजन विचारतो, लसी विचारतो. ‘मुलाशी घरी कोण खेळतं?’ हे गर्दीत राहून जातं. त्या सोमवारी त्या आईने स्वतःहून विचारलं नसतं, तर मीही सर्दीचं औषध लिहून पुढचा नंबर पुकारला असता.

त्या मुलीला मी कानाच्या तपासणीला पाठवलं होतं. कान व्यवस्थित निघाले. दोन महिन्यांनी ती बूस्टरच्या लशीसाठी आली, तेव्हा आठ-दहा शब्द बोलत होती. हे वयाच्या मानाने कमीच, म्हणून तिची तपासणी अजून सुरू आहे. आईने सांगितलं, संध्याकाळी ती मोरीत घरची भांडी घासायला बसते, तेव्हा मुलीला शेजारी पाटावर बसवते आणि एक पेला, एक वाटी देते. मुलीचा नवा शब्द ‘पाणी’ आहे.

‘‘सगळी साडी भिजवते, मॅडम,’’ ती तक्रारीच्या सुरात म्हणाली. पण हसत होती.