पडायला उशीर लावणारे पाणी

पक्षाघातानंतर चालणे अडते ते केवळ पायातली ताकद गेल्यामुळे नव्हे. लुळ्या बाजूवर भार टाकायला रुग्ण धजत नाही. तो पाय गुडघ्यात न वाकता बाहेरून अर्धगोल फिरवत पुढे येतो. जमिनीवर तोल गेला की सावरायला क्षणभरही मिळत नाही. पाण्यात तो क्षण मिळतो, आणि जलव्यायामाचे मर्म या उसंतीतच आहे.

कमरेइतक्या पाण्यात पायांवर शरीराचा साधारण निम्माच भार पडतो, छातीइतक्या पाण्यात जेमतेम एक तृतीयांश. पाणी हवेच्या सुमारे 800 पट घन असल्याने कलणारे अंग सावकाश कलते. शिवाय पाय दुप्पट वेगाने हलवला तर पाण्याचा विरोध जवळपास चौपट होतो. म्हणजे व्यायाम किती कठीण करायचा, हे रुग्णाच्याच हातात. पाणी 33 ते 35 अंश सेल्सिअस ठेवतात, कारण गारठ्याने ताठर स्नायू आणखी आवळतात.

सुरुवात कठडा धरून, एका पायावरून दुसऱ्यावर भार नेण्यापासून होते. फिजिओथेरपिस्ट लुळ्या बाजूला उभा असतो. मग आडवी पावले, उलटी पावले. पुढे तो रुग्णाला हात न लावता त्याच्याभोवतीचे पाणी नुसते ढवळतो, आणि त्या खळबळीत रुग्णाने जागच्या जागी उभे राहायचे. दिसायला पोरखेळ, पण घाम काढणारा. तोल राखण्याच्या अशा अनेक युक्त्या हॅलिविक पद्धतीतल्या. जेम्स मॅकमिलन यांनी ती 1949 मध्ये लंडनच्या हॅलिविक शाळेतल्या अपंग मुलींना पोहणे शिकवताना बसवली.

पाण्याच्या खोड्याही आहेत. कमजोर पाय तरंगून वर येतो, म्हणून कधी घोट्याला वजन बांधावे लागते. पृष्ठभागावर प्रकाश वाकल्याने पाऊल असते तिथे दिसत नाही. नजरेवर विसंबून चालणाऱ्याला तळव्याच्या जाणिवेकडे वळावेच लागते.

झालेल्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2011 च्या कॉक्रेन आढाव्याने जलव्यायामाच्या उपयोगाचा पुरावा अपुरा ठरवला होता. नंतरच्या चाचण्यांत तोल आणि चालण्याचा वेग सुधारल्याचे दिसले, पण बहुतेक चाचण्या लहान होत्या. म्हणून हा व्यायाम जमिनीवरच्या सरावाला जोड म्हणूनच देतात. उघडी जखम, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा फिट्स असल्यास रुग्णाला पाण्यात उतरवत नाहीत.

सगळ्यात जपायचे ते बाहेर येताना. पायरीगणिक वजन परत अंगावर येते, पाण्याचा दाब सुटल्याने रक्तदाब उतरून घेरी येऊ शकते. म्हणून कठडा चांगल्या हाताशी ठेवून, मध्ये थांबत चढवतात आणि वर येताच खुर्चीत बसवतात.