भयपटांचे पाठभेद आणि परिनिरीक्षणाची कातरी

पाठचिकित्सा हे ग्रंथांपुरते मर्यादित असलेले शास्त्र आहे, असा समज अद्याप बराच रूढ आहे. चित्रपटाविषयी लिहिताना समोरची प्रत हीच त्याची एकमेव आणि निश्चित संहिता होय, असे बहुधा गृहीत धरले जाते. भयपटांच्या बाबतीत हे गृहीत मुळीच टिकत नाही. एकाच नावाचा भयपट लंडन, तोकिओ आणि मुंबई येथे निरनिराळ्या स्वरूपात दाखविला गेला असण्याचा संभव फार मोठा असतो. कारण प्रत्येक देशाची कातरी निराळ्या ठिकाणी चालते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे हॅमर या ब्रिटिश संस्थेचा १९५८ सालचा ‘ड्रॅक्युला’. ब्रिटनमध्ये भयपटांवरील निर्बंधांची परंपरा जुनी होती. तेथील मंडळाने १९३२ पासून अशा चित्रपटांसाठी ‘एच’ हे निराळे चिन्ह योजिले होते आणि १९५१ साली त्याची जागा ‘एक्स’ या वर्गाने घेतली. ‘ड्रॅक्युला’ला ‘एक्स’ प्रमाणपत्र मिळाले, परंतु काही दृश्ये आखडती घ्यावी लागली. सूर्यप्रकाशात ड्रॅक्युलाचा देह नष्ट होतो, त्या शेवटच्या प्रसंगात तो स्वतःच्या चेहऱ्याची कातडी ओरबाडतो, हा भाग ब्रिटिश प्रेक्षकांस दिसला नाही. जपानला गेलेल्या प्रतीत मात्र तो राहिला होता. तोकिओच्या राष्ट्रीय संग्रहात त्या प्रतीची शेवटची काही रिळे २०११ साली हाती लागली आणि त्यांच्या आधारे तो भाग मूळ चित्रपटात पुन्हा जोडता आला.

अमेरिकेच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ची (१९३१) कथा याच्या उलट दिशेने गेलेली आहे. त्यातील अमानुष प्राणी तळ्याकाठी एका लहान मुलीबरोबर फुले पाण्यात सोडून खेळतो आणि फुले संपल्यावर, तीही तरंगेल अशा भाबड्या समजुतीने, तिलाच पाण्यात टाकतो. हे टाकणे अमेरिकेत कापले गेले. परिणाम मोठा विपरीत झाला. त्याने मुलीकडे हात पुढे केल्याचे दृश्य दिसते आणि पुढे बाप तिचे प्रेत उचलून नेताना दिसतो. मधल्या रिकाम्या जागी प्रेक्षक मूळ प्रसंगाहून कितीतरी घोर कृत्याची कल्पना करू लागला. एका अजाण प्राण्याचा प्रमाद होता, तो कातरीने दुष्टाचा अत्याचार करून ठेवला. कापलेला तो तुकडा पुढे १९८०च्या दशकात ब्रिटनमधील संग्रहातून परत मिळाला.

दोन्ही ठिकाणी एक समान सूत्र आढळते. एका देशाने टाकलेले दुसऱ्या देशाने नकळत जपले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा काश्मीरपासून दक्षिणेपर्यंतच्या पोथ्यांतील पाठभेद हेच तिच्या हाती मुख्य साधन होते. परंपरा अनेक असल्या की तुलना शक्य होते. (अर्थात पोथीचे लेखक बहुधा भर घालीत आणि परिनिरीक्षक वजा करतात, हा भेद आहेच.)

आता महाराष्ट्रातील एका चित्रपटाकडे वळू. १९७२ साली प्रदर्शित झालेल्या ‘दो गज जमीन के नीचे’ या हिंदी चित्रपटाचे चित्रीकरण महाबळेश्वरी झाले. तुलसी आणि श्याम रामसे हे दिग्दर्शक. कुटुंबातील इतर भावांनी लेखन, छायाचित्रण, ध्वनी आणि संकलन ही कामे आपसांत वाटून घेतलेली. मोजकी माणसे, थोडा खर्च आणि मुक्कामाची जागा हेच चित्रीकरणाचे स्थळ, अशी ही पद्धत होती. ठिकाणाची निवड केवळ काटकसरीने झाली असे म्हणणे अपुरे ठरेल. १८२८ च्या सुमारास माल्कमने वसविलेल्या या गिरिस्थानी धुके, दाट झाडी आणि उतरत्या छपरांचे इंग्रजी बंगले आयते उभे होते. हॅमरला जे वातावरण मंचावर रंगवून उभे करावे लागे, ते येथे सह्याद्रीच्या माथ्यावर विनामूल्य मिळत होते.

परिनिरीक्षणाच्या दृष्टीने या वातावरणाचे महत्त्व अधिक आहे. धुके, करकरणारे दार, रिकाम्या जिन्यावरची पावले यांवर कोणत्याही देशाचे मंडळ सहसा कातरी चालवीत नाही. ती चालते देहावर : रक्त, सडलेले प्रेत, स्त्रीचे अंग. म्हणून वास्तूचे भय सर्व प्रतींत बहुधा एकसारखे राहते आणि पाठभेद देहाच्या दृश्यांत उद्भवतात. भारतीय मार्गदर्शक तत्त्वांत (१९९१) हिंसा व क्रौर्य यांबरोबर ‘भय’ याचाही उल्लेख असून त्याची निरर्थक किंवा टाळता येण्याजोगी दृश्ये वर्ज्य ठरविली आहेत. जे टाळता येते ते टाळावे, हा निकष भयपटाला लावणे म्हणजे मिठाईत साखर टाळता आली असती काय, असे विचारण्यासारखेच आहे. पूर्वपरीक्षणाची घटनात्मकता मात्र सर्वोच्च न्यायालयाने ख्वाजा अहमद अब्बास यांच्या प्रकरणात १९७० साली मान्य केलेली होती. रामसे बंधूंचा चित्रपट त्यानंतर दोनच वर्षांनी आला.

भारतीय पद्धतीचा विशेष असा की, कापलेला भाग काढून मंडळाकडे जमा करावा लागे आणि प्रमाणित चित्रपटात नंतर भर घालणे हा गुन्हा ठरे. हॅमरप्रमाणे बाजारागणिक निराळे चित्रीकरण करण्याचे रामसेंना कारणही नव्हते. त्यांचा मुख्य प्रेक्षक देशातल्याच लहान गावांतील चित्रगृहांत होता. जेथे दुसरी परंपराच निर्माण होत नाही, तेथे तोकिओसारखा शोध लागण्याची आशा क्षीण होते. एकाच मंडळाची कातरी म्हणूनच अनेक मंडळांच्या कातरीपेक्षा अधिक अंतिम ठरते. काही चित्रगृहांत न कापलेले तुकडे चोरून जोडले जात. कायद्याच्या दृष्टीने तो अपराधच, परंतु पाठचिकित्सकास अशी प्रत सापडली तर तो तिचे स्वागतच करील.

तरीही साधने अगदीच नाहीत असे नाही. पडद्यावर प्रथम दिसणाऱ्या प्रमाणपत्रावर त्रिकोणाची खूण असेल, तर काटछाट झाल्याचे समजते. कापलेल्या भागांचे वर्णन प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात नोंदविलेले असते. प्रमाणपत्रात लांबीही दिलेली असते. ३५ मि.मी. फीत मिनिटाला सुमारे २७.४ मीटर धावते. म्हणजे १० मीटरचा छेद जवळजवळ २२ सेकंदांचा. उपलब्ध प्रतीची लांबी या हिशेबाने पडताळता येते. मात्र झिजलेली प्रत जोडताना गेलेल्या चौकटी वेगळ्या मोजल्या पाहिजेत, अन्यथा यंत्राचा दोष मंडळाच्या माथी येतो.

दूरचित्रवाणीने या प्रश्नात आणखी एक थर चढविला. ‘प्रौढांसाठी’ प्रमाणित चित्रपट तेथे दाखविता येत नसल्याने निर्माते नवी काटछाट करून सौम्य वर्गाचे प्रमाणपत्र मिळवू लागले आणि २०२३ च्या दुरुस्ती कायद्याने दूरचित्रवाणीसाठी निराळ्या प्रमाणपत्राची तरतूद केली. भयपटाची कोणतीही प्रत उद्धृत करताना ती चित्रगृहाची, चित्रफितीची की दूरचित्रवाणीची, हे वर्ष व लांबीसह नोंदविणे आता क्रमप्राप्त झाले आहे.