साक्षीदाराच्या हातातला कागद

‘वकीलसाहेब, कोर्टात कागद बघून बोललेलं चालतं का?’ साक्षीचे समन्स आले, की माणसे मला हे हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. घटनेनंतर कधी कधी सात-आठ वर्षांनी साक्षीची वेळ येते. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांच्या हाताखालून तोवर कितीतरी प्रकरणे गेलेली असतात. एखाद्या जखमेची लांबी-रुंदी त्यांनी घडाघडा तोंडपाठ सांगितली, तर मला उलट संशयच येईल!

कायद्याला ही अडचण ठाऊक आहे. १८७२च्या पुराव्याच्या कायद्यात त्यासाठी कलम १५९ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि ते कलम १६२ झाले, नियम तोच. साक्षीदाराला आठवण ताजी करण्यासाठी कागद पाहता येतो. मात्र तो त्याने स्वतः घटनेच्या वेळी किंवा ती मनात ताजी असतानाच लिहिलेला हवा. दुसऱ्याने लिहिला असेल, तर साक्षीदाराने तो त्याच सुमारास वाचलेला आणि मजकूर बरोबर आहे हे त्याला तेव्हाच माहीत असलेले हवे. साक्षीच्या आदल्या रात्री कुणी लिहून दिलेली चिठ्ठी यात बसत नाही.

आपल्याकडचे पंच अडतात ते इथेच. पंचनामा पोलीस लिहितात, पंच नुसती सही ठोकून घरी जातो. पुढे सरकारी वकील तोच पंचनामा त्याच्या हाती देतात, तेव्हा आरोपीचा वकील विचारतो, ‘सही करण्यापूर्वी वाचला होतात?’ उत्तर ‘नाही’ आले, की त्या कागदाचा आधारच डळमळतो. तेव्हा सही करण्याआधी वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या.

कागद पाहूनही काहीच आठवले नाही तर? दुकानाच्या हिशेबनिसाला प्रत्येक व्यवहार कसा आठवणार? पण रोजच्या शिरस्त्याने वह्या आपण बरोबर लिहिल्या, अशी त्याची खात्री असेल, तर त्या नोंदींवरून तो साक्ष देऊ शकतो. हे कलम १६३.

यातून मनमानी होऊ नये म्हणून कलम १६४ आहे. साक्षीदाराने पाहिलेला कागद विरुद्ध पक्षाने मागितला, तर दाखवावाच लागतो, आणि त्यावर उलटतपासही घेता येतो. तपासाची पोलीस डायरी आरोपीला एरवी मागता येत नाही. पण अधिकाऱ्याने साक्ष देताना आठवणीसाठी ती उघडली, की त्या भागापुरता हा हक्क आरोपीला मिळतो. म्हणूनच पिंजऱ्यातला अधिकारी डायरीची पाने चाळू लागला, की बचावाचे जुने वकील खुर्चीत सावरून बसतात.