रबराची जात आणि उत्तर कोकणची जमीन

वसईच्या वाडीत राजेळी केळीचा मुनवा लावला की राजेळीच येते, याविषयी कोणाही वाडीवाल्यास शंका नसते. नारळाचे तसे नाही. उत्तम माडाचे नारळ निवडून रुजविले, तरी एखादा माड आईसारखा निघतो, एखादा तिच्याहून सरस, तर एखादा नुसत्या झावळ्यांचा धनी. मुनवा हा मूळ झाडाचाच अंश असतो. बी मात्र बहुधा दोन झाडांच्या संयोगातून जन्मते आणि प्रत्येक बियात दोहोंचे गुण निराळ्या प्रमाणात उतरतात.

रबराचे झाड बियांच्या बाबतीत माडाच्याच वळणाचे आहे. 1876 साली हेन्री विकहॅम याने ब्राझीलमधून सुमारे 70,000 बिया इंग्लंडला नेल्या. त्यांतून रुजलेल्या थोड्या रोपांच्या वंशावर आशियातील बहुतेक मळे उभे राहिले. बियांपासून वाढविलेल्या मळ्यात एका झाडाखालची वाटी चिकाने भरे, तर शेजारच्या वाटीचा जेमतेम तळ झाकला जाई. पुढे जावा-सुमात्रा बेटांवर भरघोस चीक देणाऱ्या झाडाचा डोळा काढून तो साध्या रोपाच्या खुंटावर भरण्याची रीत बसली. एकाच झाडाच्या डोळ्यांपासून झालेल्या अशा कलमांच्या समूहास 'क्लोन' म्हणतात.

डोळा भरल्याने गुण टिकतात. नवे गुण येत नाहीत. त्यासाठी दोन निवडक क्लोनांचा संकर करून रोपांतून पुन्हा निवड करावी लागते. हे काम वीस-पंचवीस वर्षांचे. केरळात कोट्टायम येथील भारतीय रबर संशोधन संस्थेने जावातील एक व मलायातील एक अशा क्लोनांच्या संकरातून 'आर. आर. आय. आय. 105' हा क्लोन याच मार्गाने सिद्ध केला. केरळात त्याने नाव कमावले.

पण केरळचा नावाजलेला क्लोन पालघरच्या उन्हाळ्यात टिकेल काय? वसई-विरारहून अहमदाबाद महामार्गाने उत्तरेस जाताना तलासरीच्या अलीकडे दापचरी लागते. तेथे या संस्थेच्या केंद्राने निरनिराळ्या 15 क्लोनांची वाढ तपासली. पाऊस चार महिने मुसळधार, पुढचे आठ महिने जवळजवळ कोरडे, अशी तेथील हवा. बुंध्याचा घेर सुमारे 50 सेंटीमीटर झाल्याखेरीज साल चिरून चीक काढता येत नाही. केरळात त्यास सुमारे सात वर्षे लागतात. दापचरीत पाण्यावाचून दहा वर्षे लागली. वाढीत 'आर. आर. आय. आय. 208' सारखे काही क्लोन सरस ठरले. 105 या क्लोनास उन्हाळ्यात पाणी दिले, तेव्हा मुदत सहा वर्षांवर आली.

हिशेब येथेच अडतो. वसईच्या वाडीत उन्हाळी पाणी केळी व पानवेल यांना लागते. ते तोडून रबरास देणे परवडणारे नाही. डोंगरउतारावर रबराचा विचार करणाऱ्या शेतकऱ्यास ग्रामसेवकाने आधी तीन गोष्टी विचाराव्यात: रोप बियाचे की डोळा भरलेले, क्लोन कोणता, आणि मार्च ते मे पाणी कोठून येणार. रोपवाटिकेने क्लोनचे नाव सांगितले नाही, तर ती रोपे घेऊ नयेत. चूक सात-आठ वर्षांनी, पहिल्या चिरेच्या दिवशी, कळते.