बारकोडचा तेरावा आकडा

बिस्किटाचा पुडा, साबणाची वडी, वही यांवर काळ्या रेघांची एक पट्टी छापलेली असते. तिला बारकोड म्हणतात. दुकानातील यंत्र ती क्षणात वाचते आणि बिल तयार होते. पण एखादी रेघ पुसट झाली किंवा वेष्टनाला सुरकुती पडली, तर साबणाऐवजी तुपाचे पैसे गिऱ्हाइकाच्या माथी बसायचे! हे टाळण्याची सोय त्या पट्टीतच केलेली असते.

बारकोडची मूळ कल्पना नॉर्मन वुडलँड व बर्नार्ड सिल्व्हर या दोन अमेरिकनांची. मोर्सच्या संकेतलिपीतील टिंब आणि रेघ खाली लांबवत नेले, तर बारीक व जाड रेघा मिळतात, हे वुडलँड यांना समुद्रकाठच्या वाळूत बोटे ओढताना सुचले. त्यांना १९५२ साली पेटंट मिळाले. परंतु रेघा झटपट वाचणारी सोयीस्कर साधने तेव्हा नव्हती. लेसर १९६० मध्ये आला. पुढे आयबीएम कंपनीतील जॉर्ज लॉरर यांनी आखलेली पट्टी २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय येथील दुकानात प्रथम वाचली गेली. ती वस्तू होती च्युइंगमचे पाकीट.

यंत्र पट्टीवर प्रकाश टाकते. पांढऱ्या जागेवरून तो परावर्तित होतो, काळ्या रेघेत शोषला जातो. या चढउतारावरून रेघांची रुंदी कळते व रुंदीवरून अंक.

आपल्याकडील वस्तूंवर बहुधा तेरा अंक आढळतात. पहिले बारा अंक त्या वस्तूची ओळख सांगतात. तेरावा अंक मात्र त्या बारांवरून गणिताने काढलेला असतो. तो पहारेकरी होय.

८९०११११२२२३३३ असा एक काल्पनिक क्रमांक घेण्याऐवजी बारा अंकांचा ८९०१११२२२३३३ हा घेऊ. डावीकडून विषम स्थानांवरील अंकांची बेरीज:

८ + ० + १ + २ + २ + ३ = १६

सम स्थानांवरील अंकांची बेरीज करून तिला ३ ने गुणू:

(९ + १ + १ + २ + ३ + ३) × ३ = ५७

एकूण ७३. पुढची दहाची पट ८०. म्हणून तेरावा अंक ७. यंत्र दर वेळी ही बेरीज करते. ती दहाच्या पटीत आली नाही, तर क्रमांक स्वीकारत नाही.

गुणक ३ च का? एका अंकाची चूक १ ते ९ इतक्या फरकाची असते. त्या फरकाला ३ ने गुणले तरी दहाची पट कधीच येत नाही. म्हणून एका अंकाची चूक हमखास पकडली जाते. गुणक २ असता, तर ५ चा फरक (२ × ५ = १०) निसटला असता.

तरीही पहारा अभेद्य नाही. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर बेरीज त्यांच्या फरकाच्या दुपटीने बदलते. म्हणून २७ चे ७२ झाले, तर चूक कळत नाही. २८ चे ८२ झाले, तर कळते. विद्यार्थ्यांनी हे स्वतः ताडून पाहावे.

त्यासाठी दुकानात जायलाही नको. पुस्तकाच्या मलपृष्ठावरील ९७८ ने सुरू होणारा तेरा अंकी क्रमांक याच नियमाने बनतो. त्याचा शेवटचा अंक झाकावा आणि वर्गाला तो शोधायला सांगावे.